गोठवलेल्या स्कॅलपची तीन पाकिटे : स्नायू किती, पाणी किती?

एकाच उत्पादकाची गोठवलेल्या स्कॅलपची तीन वेगवेगळी पाकिटे गेल्या दोन महिन्यांत मी आणली, रीतसर वितळवली, वजनकाट्यावर तोलली आणि शिजवून खाल्ली. पहिल्या पाकिटात साफ केलेले पांढरे गोळे होते. दुसऱ्यातही तेच होते, मात्र त्यावर ‘कोरडे, काहीही न मिसळलेले’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. तिसऱ्यात अर्ध्या शिंपल्यात तसेच ठेवलेले, केशरी गाभोळीसकट गोठवलेले स्कॅलप होते. पाकिटांवरची छायाचित्रे जवळजवळ सारखी आहेत आणि फ्रीजरमध्ये ती एकमेकांना लागूनच ठेवलेली असतात, त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याला त्यांत काही फरक असेल असे वाटतही नाही. प्रत्यक्षात पहिल्या पाकिटाने माझी साफ निराशा केली, दुसरे मी पुन्हा दोनदा आणले, आणि तिसऱ्याबद्दल माझे मत चांगले असले तरी त्यात एक गंभीर उणीव आढळली. हा फरक का पडतो हे समजण्यासाठी स्कॅलप हा प्राणी थोडा समजून घ्यावा लागतो.

पाकिटातला पांढरा, वाटोळा, जाडसर तुकडा म्हणजे अख्खा प्राणी नव्हे; तो त्या प्राण्याचा एकच स्नायू असतो. स्कॅलप हा पेक्टिनिडी कुळातला द्विपुट शिंपला असून या कुळाच्या सुमारे ३०० जाती जगभरच्या समुद्रांत आढळतात. पंख्यासारख्या पसरलेल्या दोन शिंपा, त्यांवरच्या बिजागरीकडून कडेपर्यंत जाणाऱ्या उभ्या रेघा आणि बिजागरीच्या दोन्ही बाजूंना असलेले छोटे ‘कान’ ही त्याची ओळख. बहुतेक द्विपुट शिंपल्यांत शिंपा मिटवणारे दोन स्नायू असतात. प्रौढ स्कॅलपमध्ये मात्र एकच उरतो, पण तो एवढा वाढलेला असतो की शिंपा उघडल्यावर नजर आधी त्याच्यावरच जाते. कालवातही मिटवणारा स्नायू एकच असतो, पण कालव जन्मभर एका जागी चिकटून राहते आणि त्या स्नायूला दार लावून धरण्यापलीकडे फारसे काम नसते. स्कॅलप पोहतो. शिंपा उघडून पाणी आत घ्यायचे, झटक्यात मिटायच्या आणि ते पाणी बिजागरीच्या दोन्ही बाजूंनी जोराने बाहेर फेकायचे, अशा टाळ्या वाजवत तो पुढे सरकतो. पाहणाऱ्याला तो पाण्याचे घास घेत चालला आहे असे वाटते. शिंपा उघडण्यासाठी त्याच्याकडे स्नायूच नाही. बिजागरीत ॲबडक्टिन नावाच्या लवचीक प्रथिनाची एक गादी असते, ती मिटताना दाबली जाते आणि स्नायू सैल पडताच उसळून शिंपा उघडते. तारामाशाचा नुसता स्पर्श झाला तरी स्कॅलप असा निसटतो. माणसाच्या ताटात येतो तो हा निसटून जाण्याचा स्नायू.

या एका स्नायूचेही दोन भाग असतात. मोठा भाग रेखित स्नायूचा. तो वेगाने आकुंचन पावतो आणि पोहण्याचे काम करतो. त्याला लागून एक लहान, चंद्रकोरीसारखा, अधिक पांढरा आणि अपारदर्शक भाग असतो. तो अरेखित स्नायूचा, आणि फारशी शक्ती खर्च न करता शिंपा तासन्‌तास मिटून धरणे हे त्याचे काम. शिजवल्यावर मोठा भाग लोण्यासारखा मऊ राहतो, तर हा लहान भाग चिवट होतो आणि दातांखाली वेगळा जाणवतो. म्हणून तो आधीच सोलून काढायचा असतो. बोटांच्या चिमटीत धरून ओढला की तो सहज सुटतो. पहिल्या पाकिटावर ‘पूर्ण साफ केलेले’ असे लिहिले होते, पण मी मोजलेल्या २६ नगांपैकी ११ नगांना ही चिवट कड तशीच होती. घरी काढता येते हे खरे, तरीही पाकिटावरचा शब्द पाळला गेला नाही हेही तितकेच खरे, आणि ज्याला ही कड माहीत नाही तो सगळा स्कॅलपच चिवट असतो असा समज करून घेईल याचे मला अधिक वाईट वाटते.

स्कॅलपची गोडी हा त्याच्या चवीचा मुख्य गुण, आणि तीही पोहण्याशीच जोडलेली आहे. टाळ्या वाजवण्यासाठी स्नायू प्रथम आर्जिनिन फॉस्फेट या झटपट ऊर्जा देणाऱ्या पदार्थाचा साठा वापरतो, तो संपत आला की ग्लायकोजेन या साठवलेल्या कर्बोदकाकडे वळतो. काही डझन टाळ्यांनंतर प्राणी थकतो आणि पूर्ववत व्हायला त्याला तास लागतात. म्हणजे ज्या स्नायूला असे अचानक, जोरदार काम पडते त्याला इंधन साठवून ठेवावेच लागते. हे ग्लायकोजेन आणि ग्लायसिनसारखी मुक्त ॲमिनो आम्ले मिळून ती सौम्य, स्वच्छ गोडी तयार होते. कच्च्या स्कॅलपच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १२ ग्रॅम प्रथिने, ३ ग्रॅम कर्बोदके आणि जेमतेम अर्धा ग्रॅम चरबी असते. प्राणिज मांसात ३ ग्रॅम कर्बोदके ही दुर्मीळ गोष्ट आहे. जननग्रंथी भरताना हाच साठा खर्च होत असल्यामुळे वीण झाल्यानंतरचे स्कॅलप अंगाने बारीक आणि चवीने फिके लागतात. यासाठी पाकिटावर पकडल्याचा महिना असणे उपयोगाचे ठरते. पहिल्या पाकिटावर फक्त पॅकिंगची तारीख होती, आणि गोठवलेल्या मालात पकडणे व पॅकिंग यांत कितीही अंतर असू शकते.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. पहिल्या पाकिटातले नग दिसायला अगदी देखणे होते: एकसारखे शुभ्र, चकचकीत, फुगलेले, स्पर्शाला किंचित बुळबुळीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण नैसर्गिक स्नायूचा रंग कधीच असा एकसारखा नसतो. तो हस्तिदंती असतो, कधी फिकट गुलाबी किंवा नारिंगी झाक असते, आणि बोटाला तो थोडा चिकटतो. पाकिटाच्या मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत ‘स्थिरक (४५१)’ असे दोनच शब्द होते. हा क्रमांक ट्रायफॉस्फेटचा आहे. सोडिअम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या पाण्यात स्कॅलप बुडवून ठेवले की स्नायूतली प्रथिने फुगतात आणि जास्तीचे पाणी धरून ठेवतात. थोड्या प्रमाणात याचा उपयोग रास्त आहे, कारण गोठवताना आणि वितळवताना स्नायूतून रस झिरपून जातो आणि फॉस्फेटमुळे ती गळती कमी होते. पण बुडवण्याचा वेळ वाढवला की वजनही वाढते, आणि ते वाढलेले वजन ग्राहक स्कॅलपच्याच भावाने विकत घेतो. मुळात स्कॅलपच्या स्नायूत ७५ ते ७९ टक्के पाणी असतेच. अमेरिकेत १९९० च्या दशकात ८० टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला माल ‘पाणी घातलेला’ असे स्पष्ट लिहूनच विकावा असा दंडक घातला गेला, तो या प्रथेमुळेच.

मी ५०० ग्रॅमचे पाकीट तोलले तेव्हा बर्फाचा मुलामा वगळूनही वजन बरोबर भरले. त्याबाबतीत उत्पादकाने फसवणूक केलेली नाही हे नमूद करायला हवे. नग रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जाळीवर ठेवून वितळवले, तर सकाळी खालच्या ताटलीत दुधट पाण्याचे थारोळे होते आणि नगांचे वजन ४६० ग्रॅमवर आले होते. त्यांतले १०० ग्रॅम कागदी रुमालाने टिपून बिडाच्या कडक तापलेल्या तव्यावर घातले. पहिले वीस सेकंद चुरचुर आवाज आला, मग तो बदलून बुडबुड होऊ लागला. प्रत्येक नगाभोवती पांढरा फेस जमला, तवा थंडावला, आणि भाजण्याऐवजी स्कॅलप स्वतःच्याच पाण्यात उकडू लागले. आच वाढवली तरी तळाला खरपूस रंग चढेना, आणि पाणी आटून रंग चढायला लागला तोवर आतला भाग रबरासारखा झाला होता. शिजलेले वजन भरले ५८ ग्रॅम. चवीत गोडी होती, पण मागून साबणासारखी एक पुसट कडसर छटा येत होती, जी अति फॉस्फेटची खूण मानली जाते. दुसऱ्या दिवशी उरलेले नग मी रश्शात घातले. तिथे खरपूसपणाचा प्रश्न नसल्यामुळे ते बऱ्यापैकी लागले, आणि हे पाकीट कोणाकडे आधीच असेल तर त्याचा हाच उपयोग करावा.

या पाकिटाच्या वेष्टनाबद्दलही थोडे सांगायला हवे. प्राण्याचे नाव फक्त ‘स्कॅलप’ एवढेच दिलेले आहे. अटलांटिकच्या खोल पाण्यातला प्लॅकोपेक्टेन मॅगेलॅनिकस, युरोपच्या किनाऱ्याचा पेक्टेन मॅक्सिमस, त्याहून लहान इक्विपेक्टेन ऑपरक्युलॅरिस आणि उथळ खाड्यांत वाढणारा आर्गोपेक्टेन इर्‍हॅडिअन्स या सगळ्यांना बाजारात स्कॅलपच म्हणतात, आणि त्यांच्या आकारात, पोतात आणि शिजण्याच्या वेळेत बराच फरक असतो. चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर वाढवला जाणारा आर्गोपेक्टेन इर्‍हॅडिअन्स मूळचा तिथला नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतून नेलेल्या प्राण्यांपैकी जगलेल्या अवघ्या २६ नगांपासून तिथली पैदास सुरू झाली. म्हणजे जातीच्या नावावरून मूळ ठिकाण कळतेच असे नाही, दोन्ही छापावी लागतात. कोणत्या पाण्यातून आणि कशा रीतीने माल आला हे ज्यांना महत्त्वाचे वाटते त्यांच्यासाठी तर हे पाकीट मुकेच आहे. समुद्रतळ खरवडत जाणाऱ्या लोखंडी जाळ्यांनी पकडलेला स्कॅलप आणि पाणबुड्याने हाताने वेचलेला स्कॅलप तव्यावर सारखे दिसले तरी तळावरचा परिणाम सारखा नसतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापलीकडे जॉर्जेस बँक या उथळ भागातली काही क्षेत्रे डिसेंबर १९९४ मध्ये मासेमारीसाठी बंद करण्यात आली, तेव्हा १९९८ पर्यंत तिथल्या स्कॅलपचे एकूण वजन सुमारे १४ पट झाले होते. ती बंदी मुळात स्कॅलपसाठी नव्हे, तर माशांच्या रक्षणासाठी होती. ॲलर्जीच्या सूचनेत ‘मासळी’ असा शब्द आहे, हेही मला खटकले. स्कॅलप मृदुकाय प्राण्यांत मोडतो. मासे निर्धास्तपणे खाणाऱ्या माणसालाही शिंपल्यांतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची तीव्र ॲलर्जी असू शकते, त्यामुळे इथे नेमका शब्द हवा.

दुसऱ्या पाकिटावर मात्र हवे ते सगळे होते: मिझुहोपेक्टेन येसोएन्सिस हे शास्त्रीय नाव, जपानमधले होक्काइदो हे ठिकाण, पकडल्याचा महिना, आणि घटकांच्या जागी ‘स्कॅलप’ हा एकच शब्द. जपानमध्ये या जातीची शेती कशी उभी राहिली ती हकीकत मला फार आवडते. स्कॅलपचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेले सूक्ष्म जीव, काही आठवडे पाण्यात मुक्त तरंगतात आणि नंतर चिवट धाग्याने कशालातरी चिकटून स्थिरावतात. थोडे वाढले की धागा सोडून तळावर पडतात. १९६० च्या दशकात मुत्सु उपसागरात डिंभ गोळा करण्यासाठी कांद्याच्या जाळीदार पिशव्या वापरायला सुरुवात झाली. सुईच्या टोकाएवढे डिंभ जाळीतून आत शिरतात, आत चिकटतात, वाढतात, आणि धागा सोडतात तेव्हा जाळीच्या भोकांपेक्षा मोठे झालेले असल्यामुळे पिशवीतच राहतात. त्यापूर्वी पिलांचा पुरवठा अत्यंत अनिश्चित होता. या साध्या युक्तीने तो खात्रीचा झाला. पुढे ही पिले कानाला भोक पाडून दोरीवर टांगतात, किंवा समुद्रतळावर पेरतात आणि काही वर्षांनी आळीपाळीने एकेका पट्ट्यातून काढतात.

या पाकिटातले नग एकसारखे नव्हते. काही टपोरे, काही चपटे, एक-दोन तिरके कापले गेलेले. रंग हस्तिदंतीपासून फिकट गुलाबीपर्यंत. वितळवल्यावर ५०० ग्रॅमचे ४८४ ग्रॅम भरले आणि ताटलीत जमलेला रस दुधट नव्हता, नितळ होता. सगळे नग तपासूनही चिवट कड एकावरच सापडली. नग आडवा धरून हलकेच दाबला तर वरून खालपर्यंत जाणारे तंतू सुटे होताना दिसतात. एका शिंपेपासून दुसऱ्या शिंपेपर्यंत ताणलेल्या स्नायूचे तंतू असेच उभे असायला हवेत, आणि दुसऱ्या कुठल्या मासळीच्या लगद्यातून साच्याने पाडलेल्या तुकड्यात ते तसे दिसत नाहीत. हे तंतू उभे असल्यामुळेच भाजलेला नग सुरीऐवजी काट्याच्या कडेनेही सहज फुटतो.

भाजताना मी पहिल्या वेळेसारखीच तयारी केली: रात्रभर वितळवणे, दोन्ही बाजूंनी कोरडे टिपणे, मीठ अगदी ऐन वेळी घालणे, तवा धूर येण्याच्या बेतात तापवणे आणि नगांत दोन बोटांचे अंतर ठेवणे. चुरचुर आवाज शेवटपर्यंत तसाच राहिला. दीड मिनिटाने उलटले तेव्हा तळाला तांबूस, पातळ, कुरकुरीत थर आला होता. दुसऱ्या बाजूला आणखी एक मिनिट पुरले. आतला भाग कडेला पांढरा आणि मध्यभागी किंचित पारदर्शक राहिला, आणि घास तोंडात घेतल्यावर आधी खरपूस चव, मग ती गोडी आणि शेवटी समुद्राची हलकी खारी छटा अशा तिन्ही वेगवेगळ्या जाणवल्या. १०० ग्रॅमचे ७४ ग्रॅम उरले. पहिल्या पाकिटातल्या ५८ ग्रॅमशी तुलना केली की कोणते पाकीट खरोखर महाग हे छापील किमतीवरून ठरवता येत नाही, शिजलेल्या वजनावरूनच ठरवावे लागते. माझी एकच सूचना आहे: पाकिटावर आकाराची प्रत ‘१०/२०’ अशी दिली आहे, तिचा अर्थ एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, १० ते २० नग असा होतो, हे कुठेही लिहिलेले नाही. आकडा जितका लहान तितका नग मोठा, ही गोष्ट नव्या ग्राहकाला आपोआप कळत नाही.

तिसरे पाकीट प्राण्याच्या अधिक जवळ नेते. यात पेरूमधल्या आर्गोपेक्टेन परप्युराटस या जातीचे बारा नग होते, प्रत्येक आपल्या एका शिंपेत, स्नायूला बिलगलेल्या गाभोळीसह. ही जात उभयलिंगी आहे आणि ते डोळ्यांना दिसते: जीभेसारख्या जननग्रंथीचा स्नायूकडचा भाग दुधी रंगाचा असतो, तो नराचा, आणि टोकाकडचा केशरी भाग मादीचा. प्लॅकोपेक्टेनसारख्या जातींत नर आणि मादी वेगळे असतात, त्यामुळे तिथे ग्रंथी पूर्ण पांढरी किंवा पूर्ण लालसर दिसते. सगळ्या बारा नगांत गाभोळी भरलेली होती, तिचा पोत मऊ आणि चव स्नायूपेक्षा गडद, किंचित खनिजासारखी. तीन मिनिटे वाफवणे तिला पुरते. तव्यावर ती फुटते. शिंपा धुतल्यावर आतल्या गुळगुळीत भागावर, मध्यापासून थोडा बाजूला, स्नायू जिथे घट्ट बसलेला होता तिथला गोल वण स्पष्ट दिसतो. कडेची झालर, म्हणजे प्रावार, मात्र कारखान्यातच काढून टाकलेली असते आणि तिच्याबरोबर या प्राण्याचे डोळेही जातात. हे डोळे स्कॅलपची सर्वांत विलक्षण गोष्ट आहेत: काही जातींत झालरीवर २०० पर्यंत बारीक डोळे असतात, आणि त्यांत प्रतिमा मुख्यतः भिंगाने नव्हे, तर ग्वानिनच्या स्फटिकांनी बनलेल्या अंतर्वक्र आरशाने तयार होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे स्फटिक चौकोनी असून फरशीसारखे एकाला एक जोडून बसवलेले असतात असे दिसून आले. मोठ्या दुर्बिणींचे आरसे याच रीतीने तुकडे जोडून बनवतात.

या पाकिटातली गंभीर उणीव म्हणजे बारापैकी दोन नगांवर पाचकग्रंथीचा काळपट हिरवा अवशेष राहिला होता. स्कॅलप पाणी गाळून त्यातले सूक्ष्म प्लवक, म्हणजे तरंगणारे जीव, खातो, आणि काही प्लवकांत सॅक्सिटॉक्सिन किंवा डोमोइक आम्लासारखी विषे असतात. ती प्रामुख्याने याच ग्रंथीत साठतात, काही प्रमाणात प्रावार आणि गाभोळीतही, तर स्नायूत सहसा फारच कमी उतरतात. पेक्टेन मॅक्सिमसच्या पाचकग्रंथीत तर डोमोइक आम्ल महिनोन्‌महिने टिकून राहते. शिजवल्याने किंवा गोठवल्याने ही विषे नष्ट होत नाहीत. माल तपासणीतून आलेला असला तरी ही ग्रंथी पूर्णपणे काढणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि गाभोळीसह विकल्या जाणाऱ्या पाकिटात तर ती अधिकच काटेकोरपणे पार पाडायला हवी. मी दोन्ही नगांची छायाचित्रे काढून उत्पादकाला पाठवली आहेत. पोच आली, स्पष्टीकरण अजून आलेले नाही. ते येईपर्यंत हे पाकीट घेणाऱ्यांनी प्रत्येक शिंपा वितळल्यावर उजेडात नीट पाहावी, स्नायूच्या कडेला काळपट किंवा हिरवट भाग दिसला तर तो सुरीच्या टोकाने खरवडून टाकावा, खालची जागा वाहत्या पाण्याखाली धुवावी, आणि तो भाग फुटून गाभोळीवर पसरलेला असेल तर तो नग खाऊ नये.